शेवटच्या धड्यापासून

मला कुठलीही गोष्ट पहिल्या पानापासून लागते. भाजीची कृतीसुद्धा मी साहित्याच्या यादीपासून वाचते, मग कांदा आधीच चिरून झालेला का असेना. नाशिकला माहेरी यावरून माझी भरपूर थट्टा व्हायची आणि मी नाक वर करून त्याला शिस्त म्हणायचे. सिल्वासाला सुताच्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागले, तिथे ही शिस्त उपयोगी पडली, बढतीही मिळाली. माझं डोकं चालतं तसंच सगळ्यांचं चालत असणार, असं मी धरूनच चालले होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये मदतनिसाची एक जागा निघाली. मोबाइलवरचा एक ऑनलाइन कोर्स पास होणाऱ्याला ती मिळणार होती. पॅकिंगमधल्या एका ताईंनी नाव दिलं. त्या धुळ्याकडच्या, किलवणीच्या रस्त्याला एका खोलीत राहायच्या. त्या आणि त्यांचा नवरा, दोघांचीही पाळी सकाळी आठ ते रात्री आठ. चौथीतली मुलगी साडेपाचला शाळेतून यायची, गळ्यात सुताच्या दोरीला बांधलेल्या चावीने कुलूप उघडायची आणि आतून कडी लावून आईची वाट बघायची. लॅबचं काम पाचला सुटतं. ताईंना ती जागा एवढ्यासाठीच हवी होती.

परीक्षा तीनदाच देता येत होती. पहिल्यांदा त्या आपल्या आपण बसल्या आणि नापास झाल्या. मग साहेबांनी त्यांना माझ्याकडे सोपवलं.

कोर्समध्ये एक धडा पुरा झाल्याशिवाय पुढचा उघडत नसे. मला ही व्यवस्था फार आवडली. मी माझी वही त्यांना दिली, तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेली, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत व्याख्या पाठ करून घेतल्या. ताई मान डोलवायच्या. दुसऱ्या परीक्षेत त्यांना पहिल्यापेक्षाही कमी गुण मिळाले.

माझा पारा चढला. कँटीनमध्ये, चहाच्या रांगेत, सगळ्यांदेखत मी म्हणाले, "ताई, तुमचं लक्ष कुठे असतं हो?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "लक्ष देते ना मॅडम. पन आखा माल डोळ्यासमोर आल्याबिगर माले काईच समजत नई."

मला ती सबब वाटली.

त्याच आठवड्यात मी पॅकिंगमध्ये गेले होते. ताईंनी ढिगातून सूत गुंडाळलेली एक बॉबिन उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि बाजूला काढली. मला तिच्यात काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं, तेव्हा बारीक तुसं लागली.

"गाईड चिरला असंल," त्या म्हणाल्या. गाईड म्हणजे चिनीमातीचं छोटं कडं, ज्यातून धागा सरकत जातो. बॉबिनवरच्या चिठ्ठीवर मशीनचा नंबर होता. फिटरने जाऊन पाहिलं, तर गाईडला खरोखरच चीर गेली होती.

हे सगळं कोर्सच्या शेवटून दुसऱ्या धड्यात होतं. ताईंनी तो धडा पाहिला होता, पण तिथे पोचेपर्यंत व्याख्यांनीच त्या दमून जात. मी आधी गाईड शिकवत होते, मग धागा, मग खोट. त्यांचं डोकं खोटीपासून निघून उलटं मागे जात होतं. आणि मी त्यांना रोज ओढून पहिल्या पानावर आणून बसवत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वही घरीच ठेवली. माझा कोर्स पुरा झालेला असल्यामुळे माझ्या मोबाइलवर सगळे धडे उघडे होते. टेबलावर आठ-दहा खराब बॉबिनी मांडल्या आणि आम्ही शेवटचा धडा आधी लावला. एक खोट हातात घ्यायची, ती कशाने आली ते मागे मागे शोधत जायचं. पहिल्या धड्यातल्या व्याख्या आम्ही सगळ्यात शेवटी वाचल्या. ताई हसून म्हणाल्या, "हाई तर माले माहीतच होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं."

मला मात्र या उलट्या प्रवासात दोनदा ठेच लागली. कुठे आहोत हेच कळेना. ताईंनी मला न रागावता परत सांगितलं.

तिसऱ्या परीक्षेत त्या पास झाल्या. निकाल आला तेव्हा लॅब सुटून गेली होती, आत आम्ही दोघीच होतो. तिथेच माफी मागून मोकळं होता आलं असतं. पण मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. चहाची रांग होती तशीच होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, मी त्या दिवशी इथे तुम्हाला बोलले. चूक माझी होती. लक्ष माझं नव्हतं."

ताईंनी माझा पेला माझ्या हातात दिला. "चहा घ्या मॅडम, थंडा होतो," म्हणाल्या आणि मोबाइल घेऊन दाराशी गेल्या. साडेपाच वाजून गेले होते. फोनच्या पलीकडे मुलगी असणार, कडी लावून बसलेली.

"ऐक," त्या म्हणत होत्या, "पुढच्या महिन्यापासून ती चावी गळ्यात नको घालू. दार मीच उघडीन."