एकट्याने केलेली स्थळपाहणी

आमच्या शाळेतली निम्मी मुलं रोज सकाळी डोंगर उतरून यायची आणि संध्याकाळी डोंगर चढून घरी जायची. वर्षातून एकदा, डिसेंबरात, आम्ही त्यांना एसटीत बसवून दुसरा डोंगर चढायला न्यायचो. याला सहल म्हणत. कल्पना माझी होती. अकरा वर्षांत तिला कोणी हरकत घेतली नव्हती, याचा मला अभिमानही होता.

शाळा भोरच्या पश्चिमेला, हिर्डोशीच्या अलीकडे. मी मराठी आणि इतिहास शिकवायचो, भोरमध्ये दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचो आणि सकाळच्या गाडीने शाळेत जायचो. सहलप्रमुख व्हायला कोणी शिक्षक तयार नसतो, कारण मुलं गाडीत ओकतात. म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. मी मात्र त्याला तत्त्वाची जोड दिली. रोहिडा, राजगड, तोरणा, रायरेश्वर, पुन्हा रोहिडा. वर पोचलो की मी बुरुजावर उभा राहून पाऊण तास बोलायचो. शाल आणि नारळ घेऊन लांबण लावणाऱ्या पाहुण्यांची नक्कल मी स्टाफरूममध्ये फार चांगली करायचो. बुरुजावर मी त्यांच्यापेक्षा वेगळं काही करत नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

त्या वर्षी दहावीच्या वर्गाने अर्ज दिला. नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. मुंबईच्या रस्त्यावर, घाट उतरल्यावर, एक मोठं थीम पार्क निघालं होतं, आत राहायला रिसॉर्ट. त्याची पेपरातली जाहिरात कापून अर्जाला डकवली होती. अर्ज शाळेतल्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात होता, म्हणजे वरच्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलीच्या. ‘आम्ही समुद्र पाहिलेला नाही. तेथे लाटा आहेत असे समजते. तरी आमच्या शेवटच्या सहलीस तेथे नेण्याची कृपा व्हावी.’ खाली सगळ्या वर्गाच्या सह्या. निम्म्या मुलींचं शिक्षण मार्चनंतर संपणार होतं. ते अर्जात नव्हतं, पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

हेडसरांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. नव्या ठिकाणी सहल न्यायची तर आधी एका शिक्षकाने जाऊन स्थळपाहणी करायची आणि अहवाल द्यायचा, असा आमच्या संस्थेचा नियम होता. माझ्या किल्ल्यांमुळे तो इतकी वर्षं झोपून होता.

“तुम्ही बघून या, सर,” हेडसर म्हणाले. “तुम्ही लिहाल तेच मी संस्थेला कळवतो. माझं काही मत नाही.”

पाहणीला दोन तास पुरले असते. मी शनिवारी दुपारी निघालो आणि रिसॉर्टमध्ये खोली घेतली. बायको मार्गासनीला माहेरी गेली होती. तिला शाळेचं काम आहे असं सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं, पण पिशवीत टॉवेल दोन भरले.

दाराशी प्लॅस्टरचा राजवाडा होता. मी आयुष्यभर पाहिलेल्या किल्ल्यांच्या मानाने तो फारच धडधाकट होता. भाला घेतलेल्या, फेटा बांधलेल्या एका माणसाने मला लवून मुजरा केला. यावर स्टाफरूममध्ये काय काय बोलता येईल याची मी तिथेच जुळवाजुळव सुरू केली. काउंटरवरच्या मुलीने वहीतून मान वर केली.

“फॅमिली मागून येतीये का, सर?”

“नाही. एकटाच आहे.”

“ग्रुप?”

“शाळेचं काम आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि किल्ली दिली. खोलीत दोघांचा पलंग होता आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले. मी त्यांतला एक उलगडून अंग पुसलं. दुसरा रात्रभर माझ्या उशाशी होता.

रविवारी सकाळी पाण्याच्या भागात गेलो. सुती कपड्यांनी पाण्यात उतरायचं नाही, असा तिथे नियम. भाड्याने नायलॉनची अर्धी चड्डी मिळाली, तिच्यावर केशरी ज्वाळा होत्या. चष्मा कपड्यांबरोबर लॉकरमध्ये गेला. चष्म्याशिवाय मला पाच पावलांपलीकडचं माणूस ओळखू येत नाही. त्यामुळे मीही कोणाला दिसत नाही, अशी काहीतरी माझी समजूत झाली असावी. नाहीतर पुढचं घडलं नसतं.

आधी लाटांच्या तलावात गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, हात मागे बांधून, वर्गात फिरतो तसा. भोंगा वाजला. समोरून काहीतरी हिरवं उंच आलं आणि मी चार माणसांच्या अंगावर जाऊन पडलो. त्यांनी मला उभं केलं आणि पुन्हा सगळे मिळून पडलो. मग उंच घसरगुंडीकडे गेलो. लोखंडी जिना चढायचा, वर पाठीवर निजायचं, हात छातीवर घडी करून घ्यायचे, तिरडीवर ठेवतात तसे. मग मागून कोणीतरी खांद्याला धक्का देतं. मी ओरडलो. मराठीचा शिक्षक असूनही त्या ओरडण्यात एकही शब्द नव्हता. खाली पाण्यात आपटलो, नाकातोंडात पाणी गेलं आणि मला हसू सुटलं. ते थांबेना. काठावर येऊन, बाजूला उभा राहून एकटाच हसत होतो. नंतर जिन्याच्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिलो.

पाचव्या का सहाव्या खेपेला जिन्यावर मागून हाक आली. “सर? भोरचं सर ना तुमी?”

मला नुसता एक आकार दिसत होता.

“चष्मा न्हाई म्हनून वळखंना व्हय! अवो पाव, पाव! ष्ट्यांडामागं!”

भोरच्या एसटी स्टँडमागच्या बेकरीचे मालक. रोज सकाळी गाडीत बसण्याआधी मी त्यांच्याकडून पाव घ्यायचो. सहलीची खारी आणि बटरही दरवर्षी त्यांच्याकडचीच. ते बायको, दोन मुली आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते.

“एकटंच? वहिनी न्हाई आल्या?”

“शाळेचं काम आहे. सहलीसाठी स्थळपाहणी.”

त्यांनी माझ्या चड्डीवरच्या ज्वाळांकडे पाहिलं असावं, कारण उत्तर यायला जरा वेळ लागला. “मग नीट करा पाहनी. ह्याच्यावरनं न्हाई पाहिलं तर काय पाहिलं?”

दोघं घसरून खाली आलो तेव्हा त्यांची आई जवळच काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. ती मुलाला म्हणाली, “मास्तरास्नी चिडवू नगंस रे. खेळू दे त्यांना. मास्तर लोकांना कुठं मिळतं खेळायला.”

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो.

परतताना एसटीत मी मनात अहवाल लिहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘मुलांना अवश्य न्यावे.’ कापूरहोळपर्यंत दोन परिच्छेद झाले. मुलींसाठी वेगळी वेळ मागून घेता येईल, रांगा कशा लावायच्या, गाडी किती वाजता सोडायची, सगळं डोक्यात तयार होतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं तर गणिताचे सर म्हणाले, “काय, घसरगुंडीवरून इतिहास दिसला का?” सगळे हसले. हसणं साहजिक होतं. त्यांतल्या एकेकाला मी आजवर सोलून काढलं होतं, कोणाला सिंगापूरच्या फोटोंवरून, कोणाला मुलाच्या वाढदिवसाच्या कारंज्यावरून. आता माझी पाळी होती. इतकं साधं होतं. बसलो होतो, आठ वेळा बसलो, असं म्हणून हशात सामील व्हायचं.

“छे हो,” मी म्हणालो. “मी काठावरून पाहिलं.”

त्यानंतर अहवाल मला लिहावा लागला नाही, तो त्या वाक्यातून आपोआप उतरला. काठावरून पाहणाऱ्याला काय दिसणार? गर्दी, गोंगाट, पाण्याची खोली, शैक्षणिक मूल्याचा अभाव. शेवटी मी लिहिलं, ‘नायलॉनचा तोकडा पोशाख सक्तीचा असल्याने आपल्या ग्रामीण भागातील विद्यार्थिनींची कुचंबणा होईल.’ हेडसरांनी तेवढं वाक्य मोठ्याने वाचलं आणि सुटका झाल्यासारखी मान हलवली. अहवालात एकही गोष्ट खोटी नव्हती. त्यात फक्त मी नव्हतो.

दहावीच्या वर्गाला मीच सांगितलं. अर्ज लिहिणारी मुलगी उभी राहिली.

“सर, तुमी बघून आलाव ना? लाट कशी येती?”

“यंत्राने. भोंगा वाजवतात, मग बटण दाबतात. खोटी लाट असते ती.”

“खोटी का असंना, भिजवती का न्हाई?”

वर्ग हसला. मी “बस खाली” म्हणालो आणि पुस्तक उघडलं.

सहल रोहिड्याला ठरली. गाडी शाळेतून निघाली आणि खारी-बटरचे डबे घ्यायला भोरला स्टँडबाहेर थांबली. बेकरीवाले स्वतः डबे घेऊन गाडीत चढले.

“आरं वा, निघाली का पलटन! पोरींनो, त्या उंच घसरगुंडीवर बसायचं, भ्यायचं न्हाई. तुमचं सर आठ येळा बसलं! आमची अम्मी शेवटी म्हनली, मास्तरला कुनीतरी खाली आना, जेवायची येळ झाली.”

गाडीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“आम्ही रोहिड्याला चाललोय,” मी म्हणालो.

“रोहिड्याला?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकांकडे. मुली नव्या रिबिनी लावून बसल्या होत्या. “बरं. बरं. जावा,” असं म्हणत त्यांनी डबे माझ्या पायाशी ठेवले आणि ते खाली उतरले.

पायथ्यापर्यंत कोणी गाण्याच्या भेंड्या लावल्या नाहीत. गड चढायला मुलांना काहीच वेळ लागला नाही, कधीच लागत नसे. दरवर्षी मीच मागे राहायचो आणि ती वर माझी वाट बघत बसायची. त्या दिवशी मी बुरुजावर दहा मिनिटं बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

जेवताना ती मुलगी माझ्याजवळ आली.

“सर, एक इचारू? वरनं सुटल्यावर कसं वाटतं?”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी रागावू शकलो असतो. तिला खरोखर हवं होतं ते.

“पोटात खड्डा पडतो,” मी म्हणालो. “जीव जातोय असं वाटतं. मग खाली पाण्यात आलं की हसू येतं. आवरत नाही.”

“तुमाला आलं?”

“आलं.”

आणखी दोघीतिघी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मंग आमाला का न्हाई न्हेलं?”

“तिथले कपडे तोकडे असतात. तुम्हा मुलींना अवघड झालं असतं.”

“कुणी सांगितलं?” ती म्हणाली. “आमी समद्याजनी नदीत पवतो की, सर. परकराचा काचा मारून. लई अवघड वाटलं असतं तर काठावर बसलो असतो.” मग तिने खाली बोट दाखवलं. “त्यो माझ्या मामाच्या गुरांचा वाडगा. सुट्टीत म्या हितंच गुरं घिऊन येती. ह्या बुरजावर दुपारचं जेवती.”

एवढं बोलून ती डबा विसळायला टाक्याकडे गेली. तिला माझ्याकडून आणखी काही नको होतं. मी अकरा वर्षं मुलींची काळजी वाहत होतो आणि त्यांतल्या एकीलाही कधी काही विचारलं नव्हतं. बाकीचे शिक्षक जेवत होते. मी हातातली भाकरी तशीच धरून बसलो.

पुढच्या डिसेंबरात ती मुलगी शाळेत नव्हती. नव्या दहावीने अर्जही दिला नव्हता, त्यांना उत्तर माहीत होतं. मीच हेडसरांकडे गेलो आणि म्हणालो, यंदा थीम पार्कचा विचार करू.

त्यांनी सहलीची फाईल काढली. माझा अहवाल वरच लावलेला होता. “इतकं मुद्देसूद लिहिलंय तुम्ही. संस्थेत सगळ्यांना आवडलं होतं. आता ते फिरवायचं तर कारण द्यावं लागेल.” त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. “द्या, लिहा.”

कारण एका ओळीचं होतं. मी काठावरून पाहिलं नव्हतं. मी पेनचं टोपण काढलं. हेडसर चष्म्यावरून बघत होते, शेजारच्या टेबलावर गणिताचे सर वह्या तपासत होते आणि त्यांचा हात थांबला होता. मी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांची मागणी.’

“मागणी तर गेल्या वर्षीही होतीच की,” हेडसर म्हणाले. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग कागद फाईलमध्ये सारून त्यांनी ती मिटली. “मग यंदा तोरणा धरू?”

“धरा,” मी म्हणालो.