चार गाद्या, एक टेम्पो आणि अम्मीची झोप

सौदीत तबूकच्या बाजूला मी ड्रायव्हर. काम सोपं. पैसेवाल्या घरांना कॅरव्हॅनमधून लाल दऱ्यांमध्ये न्यायचं, त्यांच्या पोरांना वाळूत खेळू द्यायचं, रात्री गाडीत त्यांना झोपवायचं आणि आपण बाहेर चटईवर पडायचं. असं करता करता एक दिवस डोक्यात आलं, की दुनियेची कुटुंबं मी फिरवली, पण आपली अम्मी आमच्या केडगावच्या पुढं लग्नाशिवाय कुठं गेली न्हाई.

सुट्टीवर घरी आलो तर अब्बा टेम्पो विकायला निघालेले. आमचा धंदा गाद्यांचा. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे, टेम्पोत टाकून गावोगाव विकायच्या. आता लोक फोमची गुंडाळी मोबाईलवरून मागवतात. नागापूरला वर्कशॉप असलेला एक माणूस टेम्पो न्यायला तयार होता. रविवारी दुपारी येनार म्हणाला.

मी म्हणालो, "अब्बा, विकू नका. मागं बिछाना टाकू, गॅस बसवू, लोकांना फिरवायला देऊ. मी चालवीन. परत जायची गरजच न्हाई मला."

"टेम्पोत कोन झोपतंय रे पैसे देऊन?"

"तिकडं झोपतात."

अब्बा हसले. मग अम्मीकडं बघून म्हणाले, "हिला आपल्या घराबाहेर एक पुरी झोप लागू दे, मधे न उठता. टेम्पो तुझा. न्हाई लागली तर रविवारी किल्ली नागापूरला."

अब्बांनी पैज जिंकूनच लावली होती. अम्मी लग्नाला गेली की रात्रभर बसून काढते आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन झोपते. सगळ्या नात्यात हे माहीत आहे.

तरी मी कामाला लागलो. मागं प्लायवूडचा पलंग केला, गॅसला कप्पा केला, पाण्याची टाकी बांधली आणि तिकडची पद्धत म्हणून केबिनच्या मागच्या पत्र्याला एक खिडकी कापली. अब्बांनी स्वतःच्या हातानं चार जाडजूड गाद्या भरल्या. "गाडी तुझी, पण गादीमुळं हरलास असं नको व्हायला," म्हणाले. एकच चूक झाली. टेम्पोच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गादी कारखाना. जुना कापूस पिंजून मिळेल.' ते मी पुसलं न्हाई. म्हटलं चार दिवसांसाठी कशाला रंग वाया घालवा.

गुरुवारी सकाळी चहा घेऊन निघालो. पुढं मी आणि अब्बा, मागं अम्मी आणि बहीण शबाना. शबाना कॉलेजात आहे, माझं हे लिखाणही तीच तपासते. सोलापूर रोडनं मिरजगाव, तिथून कर्जत, मग रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलात तर हॉर्न वाजवून उपयोग न्हाई. ट्रॅक्टरवाल्याच्या डेकचा आवाज तुमच्या हॉर्नपेक्षा मोठा असतो.

मिरजगावच्या पुढं एक मावशी हात आडवा करून रस्त्यातच उभी राहिली.

"ओ गादीवाले! थांबा की!"

मी खिडकीतून सांगितलं, "मावशी, विकायच्या न्हाईत. आमी फिरायला निघालोय."

"गाद्या घिऊन?"

"हो."

ती मागं वळून घराकडं ओरडली, "आवं, ह्ये बघा, येडं हाय एक!"

अब्बांनी दार उघडलं. "बघू दे रे तिला. बघायला काय पैसे पडतात?" मावशीनं अंगठ्यानं गादी दाबली, अब्बांनी कापसाचं कूळ सांगितलं, अम्मी त्यांच्या घरचं पाणी प्याली. अर्धा तास गेला. विकली न्हाई, पण अब्बांचा चेहरा मात्र गिऱ्हाईक आलेल्या दुकानासारखा उजळला.

रेहेकुरीला सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जावं, मधल्या वेळात काळवीटं झुडपांच्या सावलीला जातात. वाळवंट न्हाई हे, पण तहान लागायला पुरेसं आहे. पिवळं गवत, बाभळी, आणि लांबवर थरथरणारं ऊन. गेटवरच्या गार्डनं आमच्या टेम्पोवरचं वाचलं.

"गाडी भाईरच लावा. अन् आत विक्री चालनार न्हाई."

"कुनाला विकू दादा, काळवीटाला?" अब्बा म्हणाले.

"चाचा, मी नियम सांगतोय."

आत गेलो आणि कळप दिसला. एक नर पुढं होता, काळा कोट घातल्यासारखा, शिंगांना पीळ. आमच्याकडं बघितलं आणि पाय न हलवताच जणू हवेत उडाला. मागून सगळा कळप. मी तिकडं मोठमोठे खडक दाखवून लोकांचं 'वा' ऐकलंय, पण असं उडनं कुठं बघितलं न्हाई.

"केवढं ते शिंग," अम्मी म्हणाली, "अन् मान केवढीशी. झोपत कसं असंल रे ते? त्याला उशी कोन देनार?"

त्या रात्री अब्बांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या शेतात गाडी लावली. त्यांनी विहिरीचं पाणी आणि ओल्या हरभऱ्याचे डहाळे दिले. सकाळी मी लगबगीनं अम्मीला विचारलं.

"डोळ्याला डोळा न्हाई," ती म्हणाली. "घरचा गॅस बंद केलाय का न्हाई तेच आठवत राहिले."

शबानानं शेजारच्या काकूंना फोन करून खिडकीतून बघायला लावलं. बंद होता. अब्बा दात घासत होते, पण फेसातूनसुद्धा त्यांचं हसू दिसत होतं.

शुक्रवारी श्रीगोंदा, शिरूर करत निघोज. वाटेत एका गावी मशिदीजवळ थांबून अब्बांनी आणि मी जुम्याची नमाज पढली, तेवढ्यात बाहेर टेम्पोभोवती चार माणसं गाद्या दाबत उभी.

निघोजचे रांजणखळगे म्हणजे कुकडी नदीनं खडकात केलेली कारागिरी. काळ्या दगडात रांजण, घागरी, गाडग्यांचे आकार, आणि मधून खोल हिरवं पाणी. हिवाळ्यात-उन्हाळ्यात जा, पाणी कमी असतं तेव्हा खरी रचना दिसते. कडेला जाऊन फोटो काढू नका, दगड गुळगुळीत आहे. मी शबानाला सांगत होतो, "ही आपली कॅनियन. हे सगळं पाण्यानं गोटे फिरवून फिरवून केलंय, किती हजार वर्षं कुनास ठाऊक." शबाना व्हिडिओ काढत होती. मागं वळलो तर अब्बा न्हाईत.

अब्बा पार्किंगमध्ये होते. आमच्या मागच्या दारातून सहा पाय बाहेर आलेले. तीन माणसं आमच्या बिछान्यावर आडवी आणि अब्बा बाजूला उभं राहून सांगत होते, "कुशीवर व्हा. कुशीवर झाल्याशिवाय गादी कळत न्हाई."

"अब्बा!"

"पडून बघू दे रे. गादी हाय, काय बोरं न्हाईत तोंडात टाकून बघायला."

त्यातले एक आजोबा कुशीवर झाले आणि खरंच झोपले. त्यांच्या मुलानं त्यांना हलवलं, हलेनात. "बाबांना गेल्या दिवाळीपासून नीट झोप न्हाई," मुलगा म्हणाला. त्यानं तिथंच गादी घेतली, आणि आजोबांना उठवून टेम्पोतून उतरवावं लागलं. दुसरी गादी शेजारच्या हॉटेलवाल्यानं ठेवून घेतली. तिथली शेवभाजी आणि बाजरीची भाकरी झणझणीत होती, नाकातून पाणी आलं.

"निम्मा पलंग विकला तुमी," मी म्हणालो. "आता पैज कशी जिंकू मी?"

"अम्मीची गादी हाय ना? मग? धंद्याला आलेला मानूस परत पाठवायचा का?"

रात्री नदीकाठीच मुक्काम केला. शनिवारी सकाळचा निकाल असा, "पान्याचा आवाज. घरातला नळ उघडा राहिलाय असं वाटत राहिलं."

आता एकच रात्र उरली होती. आळेफाट्यावरून संगमनेर, अकोले, राजूर. डोंगर जवळ यायला लागले तशी हवा बदलली. राजूरच्या बाजारात अम्मीनं एकेक दाणा दातांत धरून तांदूळ बघितला, घेतला मात्र न्हाई. पुढं शेंडी, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेकडेनं घाटघरच्या बाजूला वळसा, आणि साम्रद. शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की एकानं मागं जायचं, आणि ते तुमीच असनार. डिझेल राजूरलाच भरून घ्या.

साम्रदची सांदण दरी म्हणजे डोंगराला चाकूनं चीर दिल्यासारखी. दोन्हीकडं उभे कडे, हात पसरले तर काही ठिकाणी दोन्ही भिंतींना लागतात, वर आभाळाची नुसती फीत. पावसाळ्यात बिलकूल जाऊ नका. खाली पुढं उतरायचं तर दोर आणि गावातला वाटाड्या पाहिजेच. आमचे वाटाडे लक्ष्मणभाऊ, त्यांच्याच घरी जेवण. अम्मी पहिल्या मोठ्या दगडांपर्यंत आली. साडी खोचून, एक हात माझ्या खांद्यावर. मग भिंतीला हात लावून उभी राहिली.

"तू तिकडं हेच दाखवतोस लोकांना?"

"असंच. लाल असतंय."

"अन् मग ते गाडीत झोपतात. तू कुठं झोपतोस?"

मी कधी सांगितलं नव्हतं. "बाहेर, चटईवर."

तिनं भिंतीवरचा हात काढला आणि पदरानं माझ्या तोंडावरची धूळ पुसली. चारचौघांत, लक्ष्मणभाऊ बघत असताना.

वर आलो तर मागं थांबलेल्या अब्बांनी उरलेल्या दोन गाद्या लक्ष्मणभाऊंच्या ओसरीवर पसरलेल्या. "पावन्यांना सतरंजीवर झोपवतो मी चाचा, पुन्याची लोकं सकाळी कंबर धरून उठत्यात," लक्ष्मणभाऊ गादी दाबत म्हणाले. अब्बांनी दोन्ही देऊन टाकल्या, वर गावातल्या आणखी घरांची ऑर्डर घेतली. बदल्यात जेवण, वाटाड्याचं मानधन आणि इंद्रायणी तांदळाची दोन पोती.

"अम्मीची गादी पण?" मी टेम्पोत वाकून बघितलं. प्लायवूड आणि तांदूळ.

"आता काय," अब्बा जरा ओशाळून म्हणाले, "पोत्याला टेकून बसंल ती."

रविवारी सकाळी मी विचारलंसुद्धा न्हाई. तिनंच सांगितलं. "थंडी न्हाई वाजली. पन इतकं शांत, इतकं शांत, की झोपच येईना. केडगावात कसं, ट्रक जातात रस्त्यानं, त्या घरघरीवर मला गुंगी येते."

मी टेम्पो सुरू केला. पैज संपली होती. नागापूरचा माणूस दुपारी येनार, आणि मी पुढच्या महिन्यात चटईवर. संगमनेर गेलं, लोणी गेलं. अब्बा खिशातून ऑर्डरीचा कागद काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. गाद्या पोचवायला साम्रदला टेम्पो लागनार हे त्यांना आता उमगत होतं. पण शब्द म्हणजे शब्द.

राहुरी ओलांडली आणि मागच्या खिडकीतून आवाज आला. दोन छोटे, मग एक लांब.

अब्बांनी मान वळवली. खिडकीतून शबानानं तोंडावर बोट ठेवलं. अम्मी दोन पोत्यांच्या मधे, पदर डोळ्यांवर, तोंड उघडं. घोरत होती.

"ट्रकची घरघर," अब्बा कुजबुजले. "हिला चालती गाडी पायजे होती! ब्रेक मारू नको."

"अब्बा, दिवस हाय."

"मी रात्र कुठं म्हनालो? झोप म्हनालो." मग कान देऊन ऐकत बसले. "आवाज वळखीचा वाटतोय रे. शेवटाला कायतरी राहतंय खरं."

विळदच्या बायपासनं केडगावात आलो तर दारात नागापूरचा माणूस पैशाची पिशवी घेऊन उभा. त्यानं हात केला. मी ब्रेककडं पाय नेला.

"पुढं घे!" अब्बा दबक्या आवाजात ओरडले. "थांबलास तर उठंल ती! पुढं, पुढं!"

आम्ही स्वतःच्या घरापुढून निघून गेलो. नागापूरचा माणूस मागं पळत आला. अब्बांचा मोबाईल वाजला. "हॅलो... हो, आमीच... न्हाई, थांबता येत न्हाई. घरात मानूस झोपलंय... व्हय, गाडीत." सुप्यापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. तोवर तो माणूस आमच्या ओट्यावर बसून शेजारच्या काकूंचा चहा पीत होता. दारात गाडी उभी राहिली तशी अम्मीनं पदर बाजूला केला. "आलं का घर?"

अब्बांनी त्या माणसापुढं हात जोडले. "माफ करा. टेम्पो पोराचा झाला. मी पैज हरलो." हरलेला माणूस इतका खूश मी पहिल्यांदाच बघितला. नागापूरवाल्यानं जाता जाता एक गादी सांगितली.

तुमी जानार असाल तर थोडक्यात, चार दिवस पुरतात, डिझेलला आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास लागले, आणि गाडीवर काय लिहिलंय ते निघायच्या आधी वाचा. मी मात्र ते पुसनार न्हाई. त्याच्या खाली 'फॅमिली टूरसाठी मिळेल' एवढंच रंगवून घेतलंय. तिकडच्या मालकाला काल फोन करून सांगितलं, की येत न्हाई. डोळ्यांपुढं अजून ते काळवीट उडतंय, आणि तोंडावर पदराचा खरखरीतपणा आहे.

फोन ठेवला तेव्हा अम्मी अंगणात तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो.

"अम्मी, प्लायवूडवर एवढी झोप कशी लागली गं तुला?"

"झोप?" तिनं खडा उचलून फेकला. "हाडं खिळखिळी झाली माझी. एक खड्डा सोडला न्हाईस तू."

"मग घोरत होतीस ते?"

तिनं घराकडं मान केली. आत अब्बा दुपारचे आडवे झाले होते. दोन छोटे, एक लांब, आणि शेवटी बारीक शिट्टी.

"इतकी वर्षं ऐकते," अम्मी म्हणाली. "ती शिट्टी तेवढी जमली न्हाई मला."