तिसरं नको

नेरच्या बसस्टँडवर अमरावतीची गाडी सुटायला आली तरी आईचं आटोपत नव्हतं. आमरसाबरोबर खायच्या वाळवलेल्या सरगुंड्यांचा पुडा तिने खिडकीतून आत कोंबला. "घे वं, तिकडं कोन देईन तुले?" मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला. आमच्याकडे रीतच तशी. पहिल्याच वेळी घेणारा हावरट, आणि पहिल्याच नकाराला ताट उचलणारी बाई कंजूष.

नवऱ्याच्या नोकरीमागे मी जर्मनीत आले. इथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या तळघरात, आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांसाठी बुधवारी भाषेचा वर्ग भरतो. तिथे एल्के भेटली, वयाने आईएवढी, निवृत्त शिक्षिका. फुकट शिकवायची, घर शोधायला सोबत यायची. पहिल्या दिवशी तिने केक पुढे केला. पोटात कावळे कोकलत होते, पण मी रीतीने नको म्हटलं. तिने हसून बशी शेजारच्या सीरियन बाईपुढे सरकवली. मला रडूच आलं.

आईला फोनवर सांगितलं, तर तिला वेगळीच काळजी. "चर्चमधी कायले जातं? आपल्या आजोबानं छप्पन साली एकदा बदलला धर्म, तेवढा पुरे हाये!" मग तिनेच विचारलं, "अन् खायाले बी देत नाई?"

धर्म तर मला तिथं कोणी विचारलाही नाही. पुढे भाषा आल्यावर मी एल्केला केकची गोष्ट सांगितली. ती इतकी ओशाळली की त्यानंतर वर्गातल्या प्रत्येकाला तीन-तीनदा आग्रह करू लागली. बिचारे पोट भरलेले लोकसुद्धा खात बसत. तिच्याच ओळखीने मला वृद्धाश्रमात काम मिळालं आणि मी इथली झाले.

बाबा गेल्यावर आई एकटी पडली. मागच्या हिवाळ्यात मी तिला आणायलाच नेरला गेले. एल्केने वर्गात तिची खुर्चीसुद्धा ठरवून ठेवली होती. तुरीच्या शेंगा सोलताना मी विषय काढला. आई म्हणाली, "नको." मी मनात हसले. जेवताना पुन्हा विचारलं. पुन्हा नको. निघायच्या दिवशी त्याच बसस्टँडवर तिचा हात धरून विचारलं.

"नको, बाई. तुले हात देनारे भेटले, लय बरं झालं. मले आता या वयात नवीन भाषा नाई येत. मले इथंच राहू दे."

गाडी हलली. तिसरं नको खरं असतं, हे मला तिनेच शिकवलं होतं.

परत आल्यावर बुधवारी वर्गात गेले. आईसाठी ठेवलेली खुर्ची एल्केने भिंतीला लावली आणि केक पुढे केला. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मी घेतला, पण बशीतच ठेवला. घर म्हणजे आपलं पहिलं नको कोणी खरं मानत नाही ती जागा, असं मला वाटायचं. तसं घर मला इथं मिळालं. आणि नेरला आई एकटी जेवायला बसते, तिला एकदासुद्धा घे म्हणणारं तिथं कोणी नाही.