दुपट्ट्याचं टोक

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, या माणसाच्या पोटात गोष्ट राहते तरी कुठे? खरं आहे — बारसं असो की तेरवी, घरचे मला मधोमध बसवतात आणि मी सुटतो. पण ही एक राहिली. सात वर्षं राहिली. सुरुवात तशी हसण्यासारखीच आहे, म्हणून तिथूनच धरतो.

गावच्या विहिरीत मी बादली सोडली आणि दोराचं दुसरं टोक हातात ठेवायचं विसरलो. बादली गेली, मागोमाग दोर गेला. मी काठावर वाकून बघत राहिलो — जणू हाक मारली की वर येईल! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि बळेच सोबत आणून माझ्यामागे उभी केलेली गिरजा — तीही हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

गिरजा माझ्या मोठ्या बहिणीची पोर. सतरा-अठराची. तिला काय झालं होतं? काहीच नाही — हीच तर पंचाईत. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताट पुढे ठेवलं तर नुसतं ताटाकडे बघायची. परकं माणूस दिसलं की हातपाय कापायचे. बहिणीने लिंबू उतरवला, अंगारा लावला, आणि शेवटी सावली तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या दारात आणून सोडली. म्हणाली, "सगळ्यायले हसवतोस ना भाऊ, हिले बी हसव."

बादली बुडाल्यावर मला वाटलं, उपाय सापडला. रोज सकाळी मी तिच्याबरोबर विहिरीवर जाऊ लागलो. एकदा अर्ध्या वाटेत ती थांबली.

"मामा, पाय माहे नसतेत असं वाटते. माणसं दिसले का जीव घाबरते. वाटते, आता पडन." मग अगदी हळू — "तुमचा दुपट्टा धरू?"

हे तिने मला एकट्याला सांगितलं. त्या दिवसापासून ती माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक मुठीत धरून मागे मागे चालायची. समोरून कुणी आलं की सोडायची, ते गेलं की पुन्हा धरायची. गावात कुणाला पत्ता नव्हता. दिवाळी गेली, धान कापून झालं, आणि तिची मूठ सैल होत गेली. मला ते खांद्यावर कळायचं.

इथवर मी भला माणूस आहे, नाही का? इथेच थांबावंसं वाटतं.

पण गावाला दिसत होतं ते एवढंच — एक मिशीवाला बाप्या रोज बायकांच्या वाटेने पाण्याला जातो. शेजारचा दौलत तर टपूनच बसलेला. "काऊन भाऊ, लुगडं कधी नेसता?" "घागर तुमीच घ्या न डोक्यावर, पोरीले नांगर द्या!" मी हसायचो. आतून जळायचो. जन्मभर दुसऱ्यांच्या नकला केलेल्या माणसाला स्वतःवरचं हसू किती झोंबतं — ते मला तेव्हा कळलं.

पौषात आमच्या खळ्यावर बैलांखाली धान चुरणं चाललं होतं. दुपारी बैल सोडले, माणसं तणसाच्या ढिगाला टेकली. दौलत म्हणाला, "आज पान्याले नाई गेले भाऊ? बायका वाट पाहून राह्यल्या."

सगळे हसले. आणि मी उठलो. पालथी टोपली डोक्यावर घेतली. माझा दुपट्टा दौलतच्या खांद्यावर टाकला, त्याचं टोक मुठीत धरलं, गुडघे लटलटवले आणि बारीक आवाज काढला — "मामा, पाय माहे नसतेत... आता पडन, आता पडन!"

हसले? लोळले. दौलतच्या डोळ्यांना पाणी आलं. थट्टा माझ्यावरून उतरून तिच्यावर जाऊन बसली, आणि मला हलकं वाटलं. लिहिताना स्वतःची किळस येते — पण वाटलं.

गिरजा कुंपणाजवळ उभी होती. डोक्यावर घागर. एकटी. घरापासून खळ्यापर्यंतची वाट ती पहिल्यांदाच एकटी चालून आली होती — माझ्यासाठी पाणी घेऊन.

ती मला दिसली नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. माझी पाठ होती, टोपली डोळ्यांवर आली होती... खोटं. दिसली. नक्कल अर्ध्यावर असतानाच दिसली. आणि मी थांबलो नाही. का? कारण पडायचं राहिलं होतं. खरं हसू त्या पडण्यावर फुटणार होतं आणि मला ते हवं होतं. तिच्याकडे बघत बघत मी पडलो.

तिने घागर खाली ठेवली. एक थेंब सांडला नाही. पदर सारखा केला आणि गेली. ते पाणी मी प्यालो.

घरी आलो तर पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बायकोने विचारलं, "काऊन जी, काय झालं हिले?"

"मले काय मालूम? मी एवढं करतो, तिच्याच मनात नाई."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला रोज हाक मारायचो — चार घरांना ऐकू जाईल अशी. ती उठायची नाही. मी मान हलवून एकटाच निघायचो. पोर हट्टी आहे, केलेलं विसरते — हे घराने माझ्याच तोंडून ऐकलं. आणि तिने? माझं नाव एकदाही घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी बहीण गाडी घेऊन आली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मी वाकलो. गिरजेने पाय मागे घेतले. बहीण तिच्यावर ओरडली, "अवो, मामा आहे न तुहा!" मी म्हटलं, जाऊ दे — अशा मोठ्या मनाने म्हटलं, की बहिणीला रडू आलं.

ती अजून बहिणीच्या घराच्या अंगणापलीकडे जात नाही, असं कानावर येतं. मी पाहायला गेलेलो नाही.

त्या दिवशी गाडी वळणाआड गेली, तशी बायको म्हणाली, "सख्खा बाप नाई करनार, एवढं केलं तुमी. पोरीलेच कदर नाई. चला, हात धुवा, जेवाले वाढते."