सहपत्र क्रमांक सात

तक्रारदार: मी, वय त्रेपन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जनवीस, बैठक अमरावतीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली. प्रतिपक्ष: अकोल्याचे एक सेवानिवृत्त गृहस्थ, मुलाचे वडील. घटनेचा दिवस: होळीनंतरचा दुसरा रविवार. साक्षीदार: माझी पत्नी आणि शिऱ्याची रिकामी कढई. प्रतिपक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कागदावर यावे इतकी त्या नावाची योग्यता नाही.

त्या रविवारी हे गृहस्थ मुलाला घेऊन माझी मुलगी पाहायला आले. मुलगा तिला आवडला, हे तिने आत जाऊन आईला सांगितले. इकडे गृहस्थांनी बसल्या जागी सदरा वर करून पोटात इन्सुलिनची सुई टोचली. "वीस वर्सं झाली, शुगर आता घरचीच हाये. वाढा अजून," म्हणत शिऱ्याची तिसरी वाटी पुढे केली. निघताना म्हणाले, "पोरगी पसंत हाये आमाले. पत्रिका अन् कागदं धाडून द्या."

कागद म्हटले की माझा हात थांबत नाही. अर्ज मजकुरामुळे पडत नाही, सहपत्र कमी पडल्यामुळे पडतो, हे मी तीस वर्षे लोकांना शिकवीत आलो. पत्रिकेपासून गुणपत्रिकेपर्यंत सहा कागदांवर क्रमांक घातले. सातवा मुलीच्या फायलीत सापडला: जनुकीय तपासणीचा अहवाल. माझ्या आईचा पाय मधुमेहाने गेला, तेव्हापासून मुलीला धास्ती होती. म्हणून तिने नळीत लाळ देऊन ही तपासणी करून घेतली होती. वर लाल अक्षरांत होते, आनुवंशिक जोखीम सरासरीपेक्षा जास्त. खाली बारीक अक्षरांत होते, हे रोगाचे निदान नव्हे. आहार-व्यायामाने जोखीम कमी करता येते. तिची साखर आजही योग्य आहे. इतका प्रामाणिक बाप यांना कुठे भेटणार, अशा अभिमानाने मी तो जोडला.

चौथ्या दिवशी अकोल्याहून फोन आला.

"तुमच्या पोरीच्या रक्तात शुगर लिवली हाये. आमच्या खानदानात चालत नाई."

"मंग तुमी पोटात सुई काहून टोचता?"

"ते वयानं आली. कागदावर थोडीच हाये!"

"पोराची तपासणी करा अन् धाडा."

"पोराची कायची तपासणी?" फोन बंद.

ही यांची विद्या! स्वतःच्या पोटातला रोग दिसत नाही आणि दुसऱ्याच्या घरातला न झालेला रोग लाल शाईत दिसतो. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागत नाही, दानत लागते. पदवीधर म्हणवणाऱ्या अशा निरक्षरांचे अर्ज मी रोज दुरुस्त करतो.

मागे वळलो तर मुलगी दारात उभी होती.

"बाबा, तो कागद म्या माह्यासाठी काढला होता. तुमाले जोडाले कोनं सांगतलं?"

हजारोंची उत्तरे लिहिणाऱ्या मी तिच्यापुढे सहपत्रांची यादी धरली. ती रोज पहाटे फिरायला जाते, बिनसाखरेचा चहा एकटीपुरता ठेवते आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

सबब विनंती की प्रतिपक्षाने नकाराचे कारण लेखी कळवावे, सोबत मुलाचा अहवाल जोडावा आणि सहपत्र क्रमांक सात विनाविलंब परत करावे. मुलीस स्वतंत्र विनंती: तिच्या परवानगीवाचून तिचा कागद परक्याच्या हाती दिला, हा कसूर अर्जदारास मान्य आहे. उत्तर मिळावे. तोंडी असले तरी चालेल.