चौथेराव

शर्यतीच्या मैदानावर त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. लहानथोर सगळे म्हणायचे, चौथेराव. हे काही आडनाव नव्हे, स्वकष्टार्जित कमाई.

बीएमएक्स म्हणजे बुटक्या सायकलींची शर्यत. उतारावर आठ जण पुढचं चाक लोखंडी गेटला टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून तोल सांभाळत उभे राहतात. गेट धाडकन खाली पडतं आणि मग मातीचे उंचवटे, वळणं, पुन्हा उंचवटे करत सगळे एकमेकांच्या उरावर बसत सुटतात. दात घासायला लागतो त्याहून कमी वेळात खेळ खलास. नियम असा, की प्रत्येक फेरीतले पहिले चार जण पुढच्या फेरीत जातात. चौथेरावांनी हा नियम फारच मनावर घेतला होता.

"पहिला आला काय अन् चौथा आला काय, पुढच्या फेरीत गेट तेच," असं ते म्हणत. गेटवरची जागा निवडायचा पहिला मान जिंकणाऱ्याचा, आणि शेवटी उरेल ती चौथ्याची, पण त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. पुढचे तिघे पहिल्या वळणावर कोपरं मारत भांडायचे, आणि हे त्यांच्या मागच्या चाकांवर डोळा ठेवून अंगाला धूळ न लावता निघून जायचे. अंतिम शर्यतीनंतर पुढची फेरी नसते, पण सवय ती सवय, तिथेही चौथेच. ज्या सायकल कंपनीचा पगार खात, तीही खूश होती. फोटोत कडेला का होईना, कंपनीची जर्सी हटकून दिसायची.

कोच मात्र वैतागायचे. "अरे, तू शर्यत खेळतोस की नोकरी करतोस?"

"दोन्ही, सर. म्हणून तर दोन्ही टिकल्यात."

या शहाणपणाचं श्रेय ते बायकोला देत. ती इस्पितळातल्या प्लास्टर रूममध्ये कामाला होती. तरुणपणी चौथेराव चौथे नव्हते. पहिलं यायच्या नादात दोनदा मनगट मोडून तिच्या टेबलावर आले होते.

"कशावरून पडलात?" पहिल्यांदा तिने विचारलं होतं.

"सायकलवरून."

"लहान मुलाच्या?"

एरवी ते भडकले असते, पण ती ओल्या पट्ट्या इतक्या हलक्या हाताने गुंडाळत होती की ते 'हो' म्हणून मोकळे झाले. तिसऱ्यांदा ते धडधाकट मनगटं घेऊन गेले, तेव्हा तिने एक्स-रे मागितला आणि यांनी लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली, पण अट घालून. "या टेबलावर पेशंट म्हणून पुन्हा यायचं नाही."

अट त्यांनी तंतोतंत पाळली. ट्रॅकवर दुसऱ्या वळणानंतर दोन मोठे ढिगारे होते आणि मध्ये खोल खड्डा. बाकीचे पहिल्यावरून उडून थेट दुसऱ्यापलीकडे उतरत. चौथेराव खड्ड्यात उतरून, पुन्हा चढून, शिस्तीत जात. कुणी चिडवलं की म्हणत, "घरून परवानगी नाही." सगळे हसत आणि विषय संपे.

आत मात्र एक हाव ठाण मांडून बसली होती. एकदा, फक्त एकदा, समोर कुणाचंही चाक नसताना शेवटची रेषा ओलांडायची. गुडघे हल्ली सकाळी कुरकुरायला लागले होते. पण हे सांगणार कुणाला? आपल्याला तसलं काही नको असतं, असं त्यांनीच साऱ्या जगाला पटवून ठेवलं होतं.

मग ती शर्यत आली. त्या दिवशी बायकोला सुट्टी होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती बघायला आली होती. चौथेराव रीतसर चौथे येत येत अंतिम फेरीत पोचले. गेट पडलं. पहिल्या वळणावर पुढचे तिघे एकमेकांत अडकले आणि धपाधप आडवे झाले. चौथेराव नेहमीसारखे आतल्या कडेने निघाले, आणि समोर पाहतात तर कुणीच नाही. नुसती मोकळी माती!

त्यांना इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. म्हणून त्यांनी नेहमीचंच केलं. दुसऱ्या वळणावर मागे वळून किती जण आहेत ते मोजलं, आणि खड्ड्यापाशी येताच ब्रेक लावून शिस्तीत खाली उतरले. एक सायकल डोक्यावरून गेली. मग दुसरी. मग तिसरी.

चौथे आले.

घरी येताच बायको तरातरा आत गेली. स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास आदळून म्हणाली, "उडी का नाही मारलीस?"

"अगं, तुझीच अट ना?"

"माझ्यावर ढकलू नकोस. मी हाडं सांभाळ म्हटलं होतं, जिंकू नकोस कधी म्हटलं? तिथे सगळे मला सांगत होते, वहिनी, तुम्ही परवानगी देत नाही म्हणून. इतकी वर्षं माझ्या नावावर खपवतोयस?"

चौथेरावांनी ग्लास उचलून एका दमात रिकामा केला. मग म्हणाले, "भीती वाटते."

"पडायची?"

"नाही गं. एकदा पहिला आलो आणि मग पुन्हा चौथा आलो, तर ते हरणं होईल. आत्ता कसं, चौथा आलो तरी लोक वा म्हणतात."

तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "अट रद्द," म्हणाली. "पट्ट्या आहेत माझ्याकडे भरपूर."

पुढच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत चौथेराव गेटवरून असे सुटले की कोचच्या हातातली बाटली पडली. पहिल्या वळणावर ते सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या वळणावर दोघे त्यांना कापून गेले, पण यांनी ब्रेकला हात लावला नाही. खड्ड्यावरून उडाले, पलीकडे वेडेवाकडे आपटले, सायकल थयथय नाचली, कसाबसा तोल सावरला, तोवर आणखी तिघे पुढे. सहावे आले. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच फेरीत बाद.

कोच डोक्याला हात लावून बसले. बायको कुंपणापाशी धावत आली आणि तिने आधी त्यांची दोन्ही मनगटं चाचपून पाहिली.

"सगळं जागच्या जागी आहे. मग रडतोयस कशाला?"

"मी पहिला होतो," चौथेराव म्हणाले. "दुसऱ्या वळणापर्यंत."

"हो," ती म्हणाली. "बघितलं मी."