मागच्या सीटवरचं सामान

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि धाकट्या बहिणीला, सुमनला, तर नाहीच. सांगायला बसले की जीभ दुसऱ्याच विषयाकडे वळते. आज ती वळू द्यायची नाही असं ठरवलं आहे. बघू.

आधी मी कशी आहे ते सांगते. आमच्या नात्यात लग्न निघालं की यादी माझ्याकडे येते. ताटं किती, आहेर कुणाला, कुणी कुठल्या गाडीत बसायचं — ‘वंदनाताईला विचारा.’ माझ्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, चाकांतली हवा तपासलेली असते. महाडात आणि पोलादपुरात आमच्या सगळ्या माणसांना हे माहीत आहे. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची त्यांना सवयच लागली. ही सवय मी वापरली, असं म्हटलं तर चालेल का? — हो, वापरलीच.

जुनी गाडी विकायची ठरली तेव्हा मी ती आमच्या नेहमीच्या गॅरेजात नेली. खड्ड्यातून जाताना खालून ठक् ठक् आवाज यायचा. मिस्त्रीने गाडी वर उचलून बघितली आणि सांगितलं — पुढचे दोन्ही लोअर आर्म, त्यांचे बुश, लिंक रॉड आणि चारही शॉकअप. धक्के झेलणारं सगळंच झिजलंय. खर्च पंचवीस हजारांच्या आसपास. मी म्हटलं, बघते. एवढा पैसा घरात होता. पण विकायच्या गाडीत कशाला घालायचा? हा हिशेब मी एका क्षणात केला. माझे हिशेब चटकन होतात.

नेमक्या त्याच आठवड्यात सुमनने गाडी विकत मागितली.

सुमन उमरठला असते. आम्हाला भाऊ नाही, म्हणून आई गेल्यापासून आप्पा तिच्याकडेच राहत. दर महिन्याला ते एसटीने माझ्याकडे महाडला यायचे, चार दिवस राहायचे, बाजारपेठेत मित्राच्या घड्याळांच्या दुकानात बसून गप्पा मारायचे. मग त्यांच्या कमरेच्या मणक्याचं दुखणं निघालं. एसटीचे धक्के सोसेनात. गाडी घ्यायची ती आप्पांसाठी — सुमन हे अगदी स्वच्छ म्हणाली होती. आणि मी ते नीट ऐकलं होतं.

तिचे यजमान, दिलीपराव, गाडी बघायला आले. मी म्हटलं, चला, एक फेरी मारू, आणि त्यांना हायवेवर नेलं. नव्या काँक्रीटवर पोटातलं पाणी हलत नाही. ठक् ठक् कुठून येणार? ते म्हणाले, “हिला अशीच उमरठला नेऊन आणू का? आप्पा पण बघतील.” उमरठच्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यातच सगळं कळलं असतं. मी म्हटलं, “पूजा केल्याशिवाय दारात नेऊ नये, दिलीपराव. एकदम नारळ फोडूनच न्या.” त्यांना ते पटलं. मिस्त्रीला दाखवता का, असं मी विचारलंसुद्धा — उत्तर ठाऊक होतं म्हणून. ते हसले. “तुमची गाडी हाय ताई. तिला काय बघायची? उद्या म्हणाल, मला पण डॉक्टरला दाखवून घ्या.”

बहिणीला म्हणून मी दहा हजार कमी घेतले. सुमनने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं ठेवली आणि ती सगळ्यांना सांगत सुटली, माहेरची गाडी आली. मी उभी राहून हे सगळं बघितलं.

आप्पा त्या गाडीतून माझ्याकडे एकदाच आले. उतरताना ओठ घट्ट मिटलेले होते. मग म्हणाले, “ह्यापेक्षा यष्टी बरी गो. ती निदान सांगून आपटते.” सगळे हसले. मीही हसले. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. सुमनला वाटलं, म्हातारा हट्टी झाला. दिलीपराव गाडी हळू चालवू लागले, आणखी हळू. मग एकदा त्यांचा फोन आला. पोलादपूरच्या मिस्त्रीने कामं सांगितली होती — लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, चारही शॉकअप. त्याच क्रमाने. “गिरणीवर भाताची पोती वाहिली ना हिच्यातनं, माझीच चूक,” ते म्हणाले. “आता पुढच्या चाकांचं करून घेतो, मागच्या चाकांचं भात विकल्यावर.” आप्पा बसायचे ते मागे. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, बिल नीट बघून द्या.

तुम्ही म्हणाल, बाई, तुझ्याकडे नवी गाडी होती, तू का नाही आणलंस त्यांना? इथवर येण्यासाठीच हे सगळं सांगत होते. बाकीचं एक वेळ व्यवहार म्हणून खपेल. हे खपत नाही.

मी दर रविवारी उमरठला जात होते. फळं, औषधं, शेकायची पिशवी — काही विसरत नव्हते. एका रविवारी मी निघताना आप्पा काठी टेकत अंगणापर्यंत आले. माझ्या नव्या गाडीच्या टपावर हात ठेवला. म्हणाले, “हिच्यात बसून बघू का गो? जमलं तर येतो चार दिवस. घड्याळवाला वाट बघत असेल.”

दिलीपराव शेजारीच उभे होते. आणि मला एवढंच दिसलं — आप्पा हिच्यात बसणार, त्याच रस्त्याने जाणार, त्यांना दुखणार नाही, आणि ते तसं बोलून दाखवणार. मग कुणीतरी विचार करणार, की ती गाडी मुळातच…

मी म्हटलं, “पुढच्या वेळी, आप्पा. आज मागच्या सीटवर सामान आहे.”

मागच्या सीटवर दोन पिशव्या होत्या. कापडी. एकीत सुमनने दिलेले तांदूळ, दुसरीत फणस. त्यांनी काचेतून आत बघितलं. पिशव्या त्यांना दिसल्या — दिसल्याच असणार. “बरं,” म्हणाले, आणि काठी टेकत मागे वळले.

पुढच्या रविवारीही मी विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. भात विकलं जायच्या आधीच आप्पा गेले.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर दिलीपराव माझ्याजवळ आले. हात जोडले. म्हणाले, “ताई, तुमच्या चांगल्या गाडीची वाट मी लावली. आप्पांना तुमच्याकडं आणायचं राहून गेलं, ते माझ्यामुळं.” बोलताना त्यांची मान वर झाली नाही.

आणि मी त्यांना माफ केलं. म्हटलं, “जाऊ द्या, दिलीपराव. मनाला लावून घेऊ नका.” सुमन डोळे पुसत म्हणाली, ताईचं मन मोठं आहे.

मागचे शॉकअप त्यांनी नंतर बदलले. गाडी आता आवाज करत नाही. ते महाडला आले की माझ्या दारात ती लावतात, उतरतात, आणि दर वेळी सांगतात, “आता जपून चालवतो, ताई.”

मी म्हणते, चांगलं करता.